रविवारचं ताट

वास न घेता मी आयुष्यात बऱ्याच गोष्टी गिळल्या आहेत. त्यातली पहिली म्हणजे आमच्या शाळेच्या गृहशास्त्राच्या खोलीतली तुरीची डाळ.

शाळेत रुजू होऊन मला चारच दिवस झाले होते. सावदा आणि फैजपूरच्या मधल्या पट्ट्यातलं गाव, चारी बाजूंनी केळीच्या बागा, आणि शाळेच्या मागच्या अंगाला ती लांबट खोली. माझा गणिताचा वर्ग तिला चिकटून. मध्ये फक्त लाकडी फळ्यांचा आडोसा. तिकडे फोडणी पडली की इकडे माझे अपूर्णांक करपायचे. त्या दिवशी मी डबा घरी विसरलो होतो. मधल्या सुट्टीत खोलीत डोकावलो, तर कोणी नाही आणि टेबलावर तीन वाट्या झाकून ठेवलेल्या. म्हटलं, शिक्षकांसाठी असणार. नव्या माणसाला एवढा मान तर देतातच. जी वाटी सगळ्यात भरलेली दिसली ती उचलली आणि उभ्या उभ्या प्यालो. जरा आंबट लागली. आमच्या घरी आमसूल घालतात, यांनीही घातलं असेल.

वाट्यांखाली चिठ्ठ्या होत्या, त्या मला दिसल्या नाहीत. एकीवर 'आजची', दुसरीवर 'कालची', तिसरीवर 'परवाची'. पुढच्या तासाला आठवीला शिकवायचं होतं, बिघडलेलं अन्न कसं ओळखावं.

पाचव्या तासाला मी तीनदा वर्ग सोडून पळालो. तिसऱ्यांदा परत येताना वाटेत एक बुटक्या बाई कमरेवर हात ठेवून उभ्या.

"भाऊ, परवानी वाटी तूच खादी का?"

मी मान खाली घातली. त्यांनी मला हाताला धरून खोलीत नेलं, मुलींसमोर स्टुलावर बसवलं आणि शुद्ध पुस्तकी मराठीत म्हणाल्या, "मुलींनो, आपली परवाची वाटी गेली. काही हरकत नाही. हे नवीन सर आहेत. यांच्याकडे नीट बघा. ओठ कसे झालेत? हाताची कातडी चिमटीत धरून सोडली तर किती वेळानं खाली बसते?" मग मुलींकडूनच साखर-मिठाचं पाणी करवून घेतलं आणि घोट घोट मला पाजलं. चाळीस मुली माझं निरीक्षण वहीत लिहून घेत होत्या. त्या वर्षी परीक्षेत यावरच्या प्रश्नाला पूर्ण वर्गाला पैकीच्या पैकी गुण मिळाले. शाळेला मी दिलेलं पहिलं योगदान ते.

या आमच्या अक्का. मस्टरवर त्यांचं वेगळं नाव होतं, पण ते सही करण्यापुरतं. पदर कमरेला खोचलेला, मधल्या बोटाला शिवणाची पितळी टोपी. ती टोपी बाकावर टकटक वाजली की त्यांचा वर्ग गप्प व्हायचा, आणि आडोशापलीकडे माझाही. मूळच्या दोंडाईच्याच्या. त्यामुळे रागावल्या, हसल्या किंवा कुणाचा लळा लागला की अहिराणीवर घसरायच्या. आमच्याकडच्या पोरी जूनमध्ये त्यावर खुदखुदायच्या आणि दिवाळीपर्यंत स्वतःच 'सगळं'ऐवजी 'बठ्ठं' आणि 'आहे'ऐवजी 'शे' म्हणायला लागायच्या.

सरकारी कागदावर त्यांच्या विषयाचं नाव अधूनमधून बदलायचं. नवं परिपत्रक आलं की अक्का ते चष्मा लावून पूर्ण वाचायच्या, घडी घालायच्या आणि भाकरीच्या टोपलीच्या तळाशी अंथरायच्या. "नाव काही बी ठेवोत, पीठ तेच शे."

मुलींइतकंच मुलांनाही त्या सुई धरायला लावायच्या. धावदोरा, हेम, काज, बटण. यावरून एकदा गावातले एक केळीवाले नाना तणतणत आले. "माह्या पोराले सुई काहून देली हो अक्का? त्याले काय शिंप्याचं दुकान टाकाचं हाये?"

अक्कांनी त्यांच्या शर्टाकडे पाहिलं. वरून तिसऱ्या बटणाच्या जागी सेफ्टी पिन होती.

"नाना, हे बटण कधी तुटलं?"

"झाले पंधरा दिवस. बायको माहेरी गेलेली हाये."

"कधी येणार?"

नानांनी पिनेवर हात ठेवला. मग हळूच म्हणाले, "तेच तं समजून नाही राह्यलं."

अक्कांनी स्टूल पुढे सरकवलं. नानांचा मुलगा नानांसमोर बसला, त्यानं सुईत दोरा ओवून दाखवला, आणि बापानं भर वर्गात बनियनवर बसून बटण लावलं. कोणी हसलं नाही. हसायची छाती होती कुणाची! दुसऱ्या दिवशी नानांकडून प्रात्यक्षिकासाठी केळीचा अख्खा घड आला.

ते पाहून मलाही चेव आला. माझ्याही शर्टाचं खिशावरचं बटण लोंबत होतं. मागच्या बाकावर बसून मी ते इतकं पक्कं शिवलं की शर्टाची पुढची बाजू खिशासकट पाठीच्या कापडाला कायमची जोडली गेली. अक्कांनी तो शर्ट वर्गात फिरवला. "मजबुती दहापैकी दहा," त्या म्हणाल्या, "डोकं वापरलं नाही, त्याचे वजा दहा."

पण अक्कांची खरी विद्या सुईतही नव्हती आणि कढईतही नव्हती. ती होती एका वहीत. दर सोमवारी प्रत्येकीनं 'रविवारचं ताट' लिहायचं. काल सकाळी, दुपारी, रात्री काय खाल्लं. जमलं तर चित्र काढायचं. मी विचारलं, रविवारच का? तर म्हणाल्या, "बाकीच्या दिवशी शाळेची खिचडी असते. रविवारी घर दिसतं."

मुलींना त्यांची एकच सूचना असायची आणि ती मात्र अहिराणीत. "जे खादं ते लिखा. जे खावानं मन व्हतं ते नका लिखू."

मुली अर्थात दुसरंच लिहायच्या. पुस्तकातल्या चौरस आहाराच्या चित्रातलं ताट उचलून वहीत ठेवायच्या. अक्का दर आठवड्याला बाजार फिरून यायच्या. काय घ्यायचं असो नसो, कुठली भाजी आली आणि कुठली नाही हे बघून ठेवायच्या. एकदा वह्या तपासताना मी शेजारी बसलो होतो. त्यांनी एका पानावर बोट ठेवलं. "आठवडाभर बाजारात बीट नाही. हिच्या ताटात बीट कुठून आलं?"

मला गुप्तहेरासारखा आनंद झाला. "खोटं लिहिते! दोन गुण वजा करा."

"तिच्या ताटातून आधीच वजा व्हयेल शे रे भाऊ," अक्का म्हणाल्या, आणि पानाखाली नेहमीसारखं एकच अक्षर लिहिलं, 'बरं'. त्या वहीला त्या कधीच गुण देत नसत.

मात्र मंगळवारी काय व्हायचं ते बघण्यासारखं होतं. मंगळवारी स्वयंपाकाचं प्रात्यक्षिक. भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, अंबाडीची भाजी, गूळ-शेंगदाण्याचे लाडू, असलं काही. दर मंगळवारी एक मुलगी 'चव बघणारी' म्हणून नेमली जायची. तिनं नुसतं बोट लावून चालायचं नाही. पोटभर जेवायचं, दुसऱ्यांदा वाढून घ्यायचं आणि मग मीठ-तिखटाबद्दल चार ओळी लिहायच्या. मोठा मानाचा हुद्दा. आणि ज्या मुलीच्या ताटात बिनहंगामाचं बीट उगवायचं, त्या मुलीला हा मान जरा लवकर लवकर मिळायचा. वर्गात कुणाला काही कळायचं नाही. मलाही कळलं नव्हतं, हे कबूल करायला लाज वाटते. कारण पुढे जे मी केलं ते न कळल्यामुळेच केलं.

त्या साली आठवीत रमिला नावाची मुलगी होती. तेवीस नंबर. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरचं कुटुंब, गावाबाहेरच्या केळीच्या बागेत खोपटं करून मजुरीला राहिलेलं. ती फारसं बोलायची नाही. तिचं ताट मात्र दर सोमवारी राजेशाही असायचं. वरण, भात, पोळी, दोन भाज्या, कोशिंबीर. अक्का 'बरं' लिहायच्या आणि तिला कधीमधी मागे थांबवून भांडी पुसता पुसता गप्पा मारायच्या. मला म्हणाल्या होत्या, "एक दिवस ती खरं लिहील. घाई नको."

दिवाळीची सुट्टी संपली आणि अक्कांची आई दोंडाईच्याला घरात पडली, मांडीचं हाड मोडलं. अक्कांनी महिन्याभराची रजा टाकली. त्यांचा वर्ग कोण बघणार? मुख्याध्यापकांनी शिक्षकांच्या खोलीत नजर फिरवली. मी त्या वेळी चहात बिस्किट बुडवत होतो, त्यामुळे मान हलवायला उशीर झाला.

"प्रात्यक्षिकं मोठ्या पोरी करतीन," अक्का जाताना म्हणाल्या. "तू फक्त गॅसवर ध्यान ठेव. आणि वह्यांवर 'बरं' लिख. बस, बाकी काही करू नको."

बाकी काही करू नको! गणिताच्या माणसाला कुणी असं सांगून जातं का? पहिल्याच दिवशी मी चव बघणाऱ्यांची यादी चाळली आणि हादरलो. काही मुलींना जूनपासून एकदाही पाळी नाही, आणि तेवीस नंबर दर दुसऱ्या-तिसऱ्या मंगळवारी! हा उघड उघड अन्याय होता. मी कार्डशीट आणली, तीन रंगांची पेनं आणली आणि हजेरीच्या क्रमानं पाळ्यांचा तक्ता आखला. प्रत्येकीला एकदा, कुणाला दोनदा नाही. तेवीस नंबरची पाळी पार वार्षिक परीक्षेच्या पलीकडे जात होती, पण न्याय म्हणजे न्याय. तक्ता भिंतीवर लावून मी दोन पावलं मागे सरून त्याच्याकडे बघितल्याचंही मला आठवतं.

वह्यांनाही शिस्त लावली. दहापैकी गुण. तीन वेळचं जेवण लिहिलं तर सहा, चित्राला दोन, शुद्धलेखनाला दोन.

दुसऱ्या सोमवारी तेवीस नंबरच्या वहीत चित्र नव्हतं. चारच ओळी होत्या.

'सकाळी चहा. दुपारी दोन केळी. रात्री काही नाही. आई झोपून आहे, उठत नाही. बा म्हणतो आता तू चल कामाला. अक्का तुम्ही कधी येणार.'

मी ते वाचलं. हे मला सांगायलाच हवं, कारण मी ते न वाचता शेरा मारला असता तर निदान आळशी ठरलो असतो. मी पूर्ण वाचलं, प्रश्नचिन्ह राहिलं होतं ते लाल पेनानं दिलं आणि खाली लिहिलं, 'आहाराविषयीच लिहावे. चित्र नाही. अपूर्ण. पुन्हा लिही.'

तिनं मधल्या सुट्टीत पुन्हा लिहून आणलं. वरण, भात, पोळी, दोन भाज्या, कोशिंबीर. खाली रंगीत खडूंनी काढलेलं गोल ताट. मी दहापैकी दहा दिले. 'उत्तम!' असं उद्गारचिन्हासकट लिहिलं.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, ती आली होती. चव बघायला तक्त्याप्रमाणे दोन नंबरची मुलगी बसली, सावकारासारखं खातं-पितं घर असलेली. तिनं दोन घास खाऊन वाटी सरकवली. गुरुवारपासून रमिला दिसली नाही. मी हजेरीत टिंबं देत गेलो.

अक्का ठरल्यापेक्षा आठ दिवस आधी परतल्या. खोलीत शिरल्या, भिंतीवरचा तक्ता खालपासून वरपर्यंत वाचला. मग कपाटातून वह्यांचा गठ्ठा काढून उभ्या उभ्याच चाळू लागल्या. मी कौतुकाची वाट बघत दारात उभा होतो. एका वहीपाशी त्यांचा हात थांबला.

"भाऊ, रमिला दिसत नाही ती?"

"गैरहजर आहे बरेच दिवस. या लोकांचं असंच असतं अक्का, काम असेल तिकडे..."

त्यांनी मान वर केली आणि मी पुढचं वाक्य गिळलं.

"पोरनी पहिलांदाव खरं लिखं व्हतं," त्या म्हणाल्या. एवढंच. आवाजही चढला नाही. "मोटारसायकल शे ना तुनी? काढ."

बागेत आम्ही पोचलो तेव्हा दुपार कलली होती. केळीच्या पानांत ऊन हिरवं होऊन येतं, माणूस त्यात आजारी दिसतो. खोपटं उघडं होतं. तीन दगडांची चूल, राख गार. आत काहीच नव्हतं. बागमालक आबा पाणी देत होते, ते फावडं टेकवून आले.

"गेले ते. ऊसतोडीले, गुजरातमधी. मुकादमाचा टेम्पो आलता."

"बाई तर आजारी होती ना?" अक्कांनी विचारलं.

"व्हती ना. तशीच उचलून टाकली टेम्पोत."

"आणि पोर?"

"पोरगी बी गेली. आईच्या जागी तीच तं. तोडीले जोडी लागते, एकट्याले कोन घेतं?" आबा जरा थांबले. "दोन दिवस रडत व्हती. शाळेतल्या बाई येतीन म्हने, मंग जाऊ. मुकादम काय थांबते?"

अक्का त्या चुलीपाशी खाली बसल्या. मला वाटलं चक्कर आली. नाही. त्यांनी राखेत हात घातला होता, जणू अजून धग असेल तर वेळ गेलेली नाही.

परतताना रस्ताभर त्या मागे बसून होत्या आणि मला त्यांचं ओझं जाणवत नव्हतं. दोनदा मी आरशात बघितलं, बसल्यात ना म्हणून.

मी तक्ता उतरवायला गेलो तेव्हा त्यांनी अडवलं. "राहू दे." तो तसाच भिंतीवर राहिला. त्याप्रमाणे पुन्हा कधी कुणी बसलं नाही, आणि त्याखालून जाताना मी मान खाली घालायचो.

आम्ही त्यांच्या पाड्यावरही गेलो. तिथं म्हातारी माणसं आणि कोंबड्या. एका आजीनं हातानं दाखवलं, होळीला येतात सगळे. होळीला गेलो. ढोल वाजत होते, गाव माणसांनी भरलं होतं. रमिलाचं घर बंद. कुणी म्हणालं, आई वाटेतच गेली. कुणी म्हणालं, नाही, सुरतेकडे दवाखान्यात ठेवली होती. पोरीबद्दल कुणालाच काही नक्की सांगता येईना. पुढच्या होळीला गेलो, तेव्हाही तेच.

आणि मग ते सुरू झालं. रमिलाचं नाव पटावरून कमी झालं होतं. तिचा वर्ग नववीत गेला, दुसरी आठवी आली. पण अक्का हजेरी घेताना बावीसनंतर तिचं नाव घ्यायच्या. "रमिला." मग थांबायच्या. मग पुढचं नाव. शाळेचे लिपिक भाऊसाहेब एकदा म्हणाले, "अक्का, पटावर नसलेलं नाव हजेरीत कसं घेता?"

"पट तुमना शे भाऊसाहेब. तोंड मनं शे."

नव्या मुलींना काही ठाऊक नव्हतं. महिन्याभरात शाळेत कुजबुज झाली की गृहशास्त्राच्या खोलीत भूत आहे. नाव घेतल्यावर खिडकीपाशी मागच्या बाकावर कुणीतरी बसतं, म्हणे. त्या बाकावर मुली बसेनात. एका मुलीनं तर सांगितलं की अक्का थांबतात तेव्हा बारीक आवाजात 'हजर' ऐकू येतं. मी माझ्या वर्गात भुताखेतांवर खडखडीत व्याख्यान दिलं, विज्ञानाचे चार दाखले दिले. दुसऱ्या दिवशी आडोशापलीकडून ते नाव आलं आणि मी फळ्यावर खडू टेकवून उभा राहिलो. अक्का जेवढा वेळ थांबायच्या तेवढा वेळ मीही थांबायचो. कान तिकडे. आवाज आला असता तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. इतकी वर्षं रोज सकाळी मी त्या एका शब्दाची वाट बघितली, आणि गणितात संभाव्यता शिकवत राहिलो.

एकदा धीर करून म्हणालो, "अक्का, तो शेरा माझा होता."

त्या हळद-तिखटाचे डबे पुसत होत्या. "माले अक्षर वळखता येस," म्हणाल्या.

"तुम्ही मला कधी काही बोलला नाहीत."

"तुले बोलीसन पोर येवाव शे का?" एक डबा पुसून त्यांनी दुसरा घेतला. "मी तुले सांगालेच पाहिजे व्हतं, मंगळवारी कोन का जेवस ते. नाही सांगं. वाटनं, पोरीनी लाज झाकेल राहो. तुनी चूक वहीवर शे, मनी कुठे बी लिखेल नाही."

म्हणजे इतके दिवस त्या स्वतःचाच शेरा वाचत होत्या. मला वाटत होतं, माझा.

अक्का निवृत्त झाल्या. शाल, श्रीफळ, मुख्याध्यापकांचं लांबलचक भाषण. त्या स्वतः दोनच वाक्यं बोलल्या, त्यातलं एक असं की गॅसची नळी बदलायला झाली आहे. मग त्या दोंडाईच्याला गेल्या. त्यांची खोली आता संगणकाची झाली आहे. मागच्या बाकाजवळच्या संगणकाला काहीतरी बिघाड असतो, मुलं तिथं बसत नाहीत.

त्यांना मी त्यानंतर एकदाच पाहिलं, होळीच्या दोन दिवस आधी. मी भुसावळहून नंदुरबारला एका लग्नाला निघालो होतो. गाडी दोंडाईच्याला थांबली. पलीकडच्या फलाटावर अक्का उभ्या होत्या, केस पूर्ण पांढरे, हातात कापडी पिशवी. मी काय केलं असेल? मी वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरलं. ते उलटं धरलं होतं, हे समोरच्या माणसानं सांगितलं. मग मात्र लाज वाटली आणि मी उतरलो. माझी बॅग आहेरासकट नंदुरबारला गेली.

पूल ओलांडून पोचलो तेव्हा त्यांनी मला पाहिलं. नवल वाटल्याचं दाखवलं नाही.

"बरं व्हयनं तू उनास. सुरतनी गाडी ई ऱ्हायनी. दोनच मिनिटं थांबस. ऊसवाला, कामवाला, बठ्ठा होळीले घर जातस." त्या रुळांकडे बघत बोलत होत्या. "मी एकटी पुढला तीन डबा देखस. मांगला दर साल ऱ्हाई जातस. तू मांगला देख."

"अक्का, दर वर्षी?"

"जाय, पय लवकर."

गाडी आली. मी पळालो. शेवटचे डबे खचाखच भरलेले, दारात बोचकी, खिडक्यांत एकावर एक चेहरे. बायका, पोरी, कडेवर मुलं. पहिल्या खिडकीपाशी पोचलो आणि थबकलो. मला रमिलाचा चेहरा आठवत नव्हता. तिच्या अक्षरातला पाय मोडलेला 'र' आठवत होता, ताटाच्या कडेचा पिवळा खडू आठवत होता. चेहरा मी कधी बघितलाच नव्हता. आणि आता तर ती बाई झाली असणार.

मग मी ओरडलो. जे नाव मी रोज आडोशाआडून ऐकलं आणि स्वतःच्या तोंडानं कधी घेतलं नव्हतं, ते घेतलं. "रमिला! रमिला!" तीन बायकांनी वळून पाहिलं. एक पन्नाशीची होती. दुसरी हसली. तिसरीनं काही विचारायला तोंड उघडलं, कडेवरचं मूल दुसऱ्या हातावर घेतलं, आणि गाडी सुटली. मी खिडकीबरोबर पळालो. "सावद्याकडची का तू? आठवीत होतीस का?" चाकांच्या आवाजात तिला काय ऐकू गेलं कोण जाणे. तिनं मान हलवली. हो म्हणाली की नाही, ते मला समजलं नाही. अजून समजलेलं नाही.

फलाटाच्या दुसऱ्या टोकाहून अक्कांनी हात वर करून विचारलं. मी काय सांगणार? मी नाही अशी खूण केली. ती तिसरी बाई मी त्यांना सांगितली नाही. सांगितली असती तर त्या म्हाताऱ्या बाईनं पुढची गाडी पकडून भुसावळपर्यंत प्रत्येक स्टेशन धुंडाळलं असतं, असं मी स्वतःला समजावतो. खरं कारण साधं आहे. तीही माझ्याच हातून सुटली, हे मला त्यांना सांगवेना.

आणखी दोन गाड्या आम्ही मिळून बघितल्या. संध्याकाळी परतीच्या गाडीत चढलो तेव्हा त्या खिडकीशी आल्या. "उद्या सगळ्यात गर्दीना दिन. उद्या ई जाजो भाऊ. दोन जन ऱ्हायनूत ते बठ्ठी गाडी देखाई जास."

मी म्हटलं, येतो. गेलो नाही. शाळेत पेपर तपासायचे होते, असं कारण मी तेव्हा शोधलं होतं.

माझी गाडी हलली तेव्हा त्यांनी हात वगैरे केला नाही. त्या कधीच वळल्या होत्या. पिशवी छातीशी धरून, सुरतेकडच्या रुळांकडे तोंड करून, मागचे डबे जिथं थांबतात त्या बाजूला चालत निघाल्या होत्या.